गावाची जैवविविधता राखायची आहे? समिती, नोंदवही आणि त्यापुढचं खरं काम

गावात जैवविविधतेचं काम सुरू करायचं म्हटलं की बैठकीत पहिला प्रश्न हमखास हाच येतो: रोपं कुठून आणायची? हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. महाराष्ट्रातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत आणि महानगरपालिकेत या कामासाठी कायद्याने सांगितलेली एक समिती असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती असते, निदान कागदावर तरी. तिने लोकांना विचारून एक नोंदवही करायची असते. ही समिती जागी करायची, नोंदवही खरी करायची आणि तिच्यातून निघालेले तीन-चार निर्णय ग्रामसभेत मंजूर करून पाळायचे, असा हा रस्ता आहे. रोपं लागलीच तर सगळ्यात शेवटी.

मी या प्रक्रियेतून गेले आहे, त्यामुळे परिपत्रकात लिहिलेलं नसतं ते इथे जास्त सांगते. उदाहरणं ग्रामपंचायतीची आहेत. शहरात राहत असाल तर ग्रामसभेच्या जागी वॉर्डातल्या बैठका आणि नगरपरिषदेची सभा धरा, बाकी क्रम तोच.

१. कायदा, कामापुरता

जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करायची असते. समितीचं मुख्य काम म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही तयार करणं आणि ती अद्ययावत ठेवणं. गावाच्या हद्दीतल्या जैविक संसाधनांबद्दल राज्य जैवविविधता मंडळ किंवा राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरण निर्णय घेणार असेल तर त्यांनी या समितीशी सल्लामसलत करायची असते. बाहेरचा कुणी व्यापारासाठी गावच्या हद्दीतून वनस्पती वगैरे गोळा करत असेल, तर समिती त्याच्याकडून संकलन शुल्कही घेऊ शकते. गावातल्या बाईने टोपलीभर रानभाजी आणली म्हणून तिच्याकडून पैसे मागायचे, असा त्याचा अर्थ कुणी काढला तर त्याला तिथेच थांबवा. कलम ४३ मध्ये स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद आहे.

कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. केंद्राचे २००४ चे नियम जाऊन २०२४ चे नवे नियम आले. म्हणून इंटरनेटवर सापडलेली जुनी पुस्तिका डोळे झाकून वापरू नका. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपूरला आहे. त्यांच्याकडून किंवा जिल्हा परिषदेकडून ताजं परिपत्रक मागून घ्या आणि ठरावात त्याचाच संदर्भ द्या.

२. नवी समिती करण्याआधी जुनी शोधा

बहुतेक नवखे इथेच चुकतात. उत्साहाने नवी समिती स्थापन करायला निघतात आणि मग कळतं की दप्तरात समिती आहे, नोंदवहीही आहे.

यामागे कारण आहे. वर्षानुवर्षं राज्यांनी हे काम रखडवलं होतं. शेवटी राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतरही काम अपुरं ठेवणाऱ्या राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरायला लावण्याचं ठरवलं. मग देशभर एकच धांदल उडाली. अनेक गावांच्या नोंदवह्या बाहेरून नेमलेल्या लोकांनी घाईघाईत भरल्या. गावात कुणी कधी न पाहिलेलं झाड त्यात सापडतं आणि बांधावर रोज दिसणारं झाड गायब असतं. शेजारच्या दोन गावांच्या नोंदवह्या समोरासमोर ठेवून बघा. पानंच्या पानं जुळली तर काय झालंय ते कळेल.

काय करायचं:

- ग्रामसेवकांकडे (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) समिती स्थापनेचा ठराव, सदस्यांची यादी आणि नोंदवहीची प्रत लेखी अर्ज करून मागा. तोंडी मागितलं की "बघतो" एवढंच उत्तर मिळतं.
- पंचायतीत नसेल तर पंचायत समितीत विचारा. तिथेही टोलवाटोलवी झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा.
- यादीत नाव असलेल्या प्रत्येकाला भेटा. आपण सदस्य आहोत हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. हे ऐकून हसू येतं, पण त्यांना दुखवू नका. तेच पुढे तुमचे पहिले सोबती होतात.

जुनी नोंदवही खोटी निघाली तरी "भ्रष्टाचार झाला" म्हणून आरडाओरडा करण्यात अर्थ नाही. तिला कच्चा मसुदा समजा. नोंदवही अद्ययावत करणं हे समितीचं कायदेशीर कामच आहे, त्यामुळे दुरुस्तीला वेगळी परवानगी लागत नाही. ग्रामसेवकांनाही मान खाली न घालता सोबत येता येतं.

३. समितीत माणसं कोण हवीत

आत्ताच्या बहुतेक समित्या २००४ च्या नियमांप्रमाणे झालेल्या आहेत. त्यात निदान एक तृतीयांश महिला आणि अनुसूचित जाती-जमातींचे १८ टक्के सदस्य हवेत, असं सांगितलं होतं. हे आकडे कागदावर नेहमीच जुळतात. खरी अडचण वेगळीच असते: सदस्य म्हणून सरपंचांचे चुलतभाऊ, दोन शिक्षक आणि एखादा पतसंस्थेचा संचालक बसतो. माणसं वाईट नसतात, पण रानात त्यांचं जाणंयेणं नसतं.

तुम्हाला हवा तो गुराखी, मेंढपाळ, ओढ्यावर मासे धरणारा, मोहळ काढणारा, झाडपाल्याचं औषध देणारा वैदू, घरचं बियाणं राखणारी बाई, रानभाज्या विकायला बाजारात बसणारी बाई. समितीत जागा कमी असतील तर ठरावातच "माहीतगार गट" असा उल्लेख करून यांची नावं घाला. पुढे नोंदवहीचं सगळं काम प्रत्यक्षात हाच गट करतो.

ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातली जी संख्या कमी असेल ती. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती चुकवू नका. पाणी, सरपण, भाजी आणि चारा यांबद्दल जी माहिती महिला सभेत अर्ध्या तासात मिळते, ती मोठ्या सभेत दिवसभर बसलात तरी मिळणार नाही. कारण तिथे घरकुल आणि गटार यांवरच वेळ संपतो. आणि हो, विषय अजेंड्यावर आधी लेखी घालून घ्या. "ऐनवेळच्या विषयात" टाकू म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

४. जमवायची कागदपत्रं आणि साहित्य

- समिती स्थापनेचा ठराव आणि सदस्य यादी, सही-शिक्क्यासह.
- गावाचा नकाशा. तो तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतो. नोंदवहीचा अर्धा जीव या नकाशात असतो.
- तलाठ्यांकडून गाव नमुना १-अ (वनजमिनी) आणि १-ब (सरकारी पड जमिनी). गायरान, देवस्थानाची जमीन, तलाव, ओढे यांचे गट क्रमांक आणि सातबारे.
- विदर्भात असाल तर निस्तारपत्रक. चराई, सरपण, पाणी यांवरचे गावाचे जुने हक्क त्यात लिहिलेले असतात, आणि गावातल्या तरुणांनी ते बहुधा पाहिलेलंही नसतं.
- सामूहिक वनहक्क (वनहक्क कायद्याखाली जंगलावर मिळणारा गावाचा एकत्रित हक्क) मिळालेला असेल तर त्याचं अधिकारपत्र.
- राज्य मंडळाकडून नोंदवहीचे विहित तक्ते.
- कॅमेरा बरा असलेले दोन-तीन मोबाईल, मोजपट्टी, जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल. पावसात पेनची शाई पसरते, पेन्सिल टिकते.

पक्ष्यांसाठी ई-बर्ड आणि मर्लिन, इतर सगळ्यासाठी आय-नॅचरलिस्ट ही ॲप उपयोगी आहेत. पण ॲपने सुचवलेलं नाव म्हणजे अंदाज, ओळख नव्हे. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठा. फोटो पाठवण्यापेक्षा त्यांना एक दिवस गावात आणा.

५. शिवारफेरी: काय विचारायचं, कसं बघायचं

तक्ते बरेच आहेत. शेतातली पिकं, फळझाडं, चारा, तण, कीड, पाळीव जनावरं, औषधी वनस्पती, रानटी झाडं-झुडपं, पाण्यातली जीवसृष्टी, रानटी प्राणी, गावचा बाजार, अशी मोठी यादी. तक्ता हातात धरून प्रश्न विचारत सुटलात की माणसं गप्प होतात. आधी नुसतं त्यांच्यासोबत चाला. तक्ते संध्याकाळी पंचायतीत बसून भरा.

फेऱ्या तिन्ही ऋतूंत हव्यात. पहिल्या पावसात कंद आणि बेडूक दिसतात, ओढ्यात मासे चढतात. श्रावण-भाद्रपदात गवतं आणि सड्यावरची, म्हणजे कातळी पठारावरची, फुलं. हिवाळ्यात पाहुणे पक्षी. उन्हाळ्यात कुठलं पाणी शेवटपर्यंत टिकतं आणि तिथे कोण प्यायला येतं, ते समजतं. एप्रिलमध्ये दोन दिवसांत केलेली नोंदवही म्हणजे वाळक्या काटक्यांची यादी होते.

एक प्रसंग सांगते म्हणजे नुसती यादी आणि खरी नोंद यांत फरक काय, ते लक्षात येईल. पावसाला नुकती सुरुवात झालेली, एका आजींसोबत आम्ही उतारावर शेवळं बघत होतो. शेवळाचा जांभळट कोंब पाल्याखालून वर आलेला होता. आजींनी बोटांनी माती सारली आणि कोयत्याच्या टोकाने कोंब वरच्या वर कापला. कंदाला धक्का लावला नाही. मी विचारायच्या आत म्हणाल्या, "कंद काढलास बाय, तर पुढल्या सालाला काय खाशील?" मग चार पावलांवरच्या झाडाखाली वाकून हिरवी आंबट फळं ओटीत घेतली. काकडाची. शेवळाची भाजी काकडं घातल्याशिवाय करत नाहीत, घसा खाजतो. तेवढ्यात त्यांनी हाताने दुसरीकडचा खुंट दाखवला: "हा पण काकडच होता. तोडला सरपणाला. आता त्या अंगाची शेवळं कोणी नेत नाय."

छापील तक्त्यात ही नोंद "शेवळ, रानटी, खाद्य, उपलब्धता मध्यम" एवढीच झाली असती. आम्ही खाली तीन ओळी वाढवल्या: कोंब कसा काढायचा, सोबत कोणतं झाड लागतं आणि ते झाड कशाने कमी होतंय. गावाच्या कामाचं जे काही आहे ते या तीन ओळींत आहे. काकड न तोडण्याचा विषय पुढे ग्रामसभेत आला तो तिथूनच.

प्रत्येक नोंदीला हे चार प्रश्न लावा:

- इथे याला काय म्हणतात? वाडीगणिक नाव बदलतं, सगळी नावं लिहा. शास्त्रीय नाव नंतर भरता येतं.
- कोण वापरतं, कधी, कशासाठी?
- पूर्वीपेक्षा वाढलं की कमी झालं? "पूर्वी" म्हणजे कधी, हे सनावळीत कुणी सांगू शकत नाही. "बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?", "धरण झालं तेव्हा होतं का?", "तुमचं लग्न झालं तेव्हा?" असं विचारा.
- कशामुळे? इथे दोन माणसं दोन कारणं सांगतील. दोन्ही लिहा. वाद मिटवायला तुम्ही गेलेला नाही.

"होतं, आता नाही" असं एक वेगळं पान करा. गिधाडं, देशी भाताचे वाण, ओढ्यातला एखादा मासा, बुजलेला झरा. म्हातारी माणसं या पानावर सगळ्यात जास्त बोलतात, आणि पुढे कामाची दिशाही हेच पान दाखवतं.

नमुना म्हणून काही उपटून आणू नका, पक्ष्यांच्या घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नका, प्राणी तर पकडूच नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ आपल्यालाही लागू आहे. राखीव वनात फेरी न्यायची असेल तर वनरक्षकांना आधी सांगा. त्यांना सोबतच घेतलंत तर अधिक बरं.

६. काय लिहायचं आणि काय झाकून ठेवायचं

नोंदवही हा सार्वजनिक दस्त आहे हे विसरू नका. वैदूने विश्वासाने सांगितलेलं औषध, म्हणजे कोणती मुळी, किती, कशात उगाळून, हे त्यांच्या स्पष्ट संमतीशिवाय त्यात जाता कामा नये. वनस्पतीचं नाव आणि "औषधी उपयोग आहे, माहिती अमुक कुटुंबाकडे" एवढं लिहून थांबता येतं. संमती तोंडी नको. आणि नकार दिला तर पुन्हा पुन्हा विचारू नका.

दुसरी गोष्ट ठिकाणांची. दुर्मीळ आमरी (ऑर्किड), घुबडाची ढोली, खवल्या मांजराचं बीळ यांचं नेमकं ठिकाण वहीत किंवा समूहमाध्यमांवर टाकलं तर पुढच्या आठवड्यात तिथे कोण येईल सांगता येत नाही. आय-नॅचरलिस्टवर ठिकाण झाकायची सोय आहे, ती वापरा. गावच्या व्हॉट्सॲप गटालाही हाच नियम. मोबाईलने काढलेल्या फोटोत ठिकाणाची माहिती आपोआप जात असते, ती आधी बंद करा.

७. नोंदवहीतून निर्णय

बहुतेक गावं नोंदवही कपाटात ठेवून इथेच थांबतात. खरं तर कामाला इथून सुरुवात होते. सगळं एकदम हाती घेऊ नका. गावात कुठल्या प्रकारची जमीन आणि पाणी आहे ते बघा आणि त्यातलं एक निवडा.

*ओढा-नदी.* मला विचाराल तर सुरुवातीला सगळ्यात सोपं आणि लवकर दिसणारं काम हेच. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात, त्याला आपल्याकडे वलगण म्हणतात. नेमक्या त्याच दिवसांत अंड्यांनी भरलेले मासे सर्रास मारले जातात. ग्रामसभेने अमुक बंधाऱ्यापासून अमुक डोहापर्यंत ठरावीक दिवस मासेमारी नाही, आणि ब्लीचिंग पावडर, जिलेटिन, विजेचा शॉक हे वर्षभर बंद, असा ठराव करावा. दिवस किती ते मासे धरणाऱ्यांनीच ठरवायला हवेत. गावातला एखादा खोल डोह कायम राखून ठेवता आला तर उत्तमच. महाडजवळ वाळण कोंडीत देवीच्या नावाने मासे राखले जातातच, ही कल्पना आपल्याला नवी नाही. एक इशारा: डासांसाठी म्हणून गप्पी मासे ओढ्यात किंवा नैसर्गिक तळ्यात सोडू देऊ नका. ते बंद टाक्यांसाठी ठीक आहेत. वाहत्या पाण्यात ते स्थानिक माशांची पिल्लं आणि बेडूकमासे यांचा फडशा पाडतात. तिलापिया आणि थाई मांगूर या परदेशी माशांबद्दल तर बोलायलाच नको.

*तलाव.* भंडारा-गोंदियात धीवर समाजातल्या स्त्री-पुरुषांनी जुन्या मालगुजारी तलावांतलं बेशरम नावाचं माजलेलं झुडूप उपटून काढलं आणि तळाशी स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांचा उद्देश सरळ होता, देशी मासे परत यावेत. पक्षीही आले. यातलं मर्म असं की तलावातून नुसता गाळ काढून भागत नाही. जेसीबीने तलावाचा काठ सरळ उभा कापला की उथळ पाण्यातल्या वनस्पती आणि पाणथळीतले पक्षी दोन्ही गेले. गाळ काढायचाच असेल तर एक बाजू उतरती आणि न छेडलेली ठेवा, आणि हे ठेकेदाराच्या कार्यादेशात लिहून घ्या.

*माळरान आणि सडा.* इथे सगळ्यात मोठी फसगत होते. माळ "ओसाड" दिसतो, म्हणून खड्डे खणून झाडं लावली जातात. माळरान ही मुळात गवताची, लांडग्याची, खोकडाची, चंडोलाची आणि धाविकाची जागा आहे. तिथे गर्द झाडी उभी केली की ही सगळी मंडळी बेघर होतात. सड्यावर तर मातीचा थर बोटभर असतो. पावसाळ्यातली डबकी आणि त्यातल्या इवल्याशा वनस्पती हीच तिथली श्रीमंती, आणि ती खड्डे-चर खणून कायमची जाते. माळावर करायचं काम म्हणजे आलटून पालटून चराईबंदी, वणव्याला आळा आणि चांगल्या गवताचं बी पडेपर्यंत कापणी थांबवणं. मारवेल, पवन्या ही गवतं मागे पडून सगळीकडे कुसळी दिसत असेल, तर चराई आणि आग यांचा ताण वाढलाय असं समजा. चराईबंदीचा तुकडा आणि मुदत मेंढपाळांना विचारून ठरवा. त्यांना न विचारता केलेली बंदी एक हंगामही टिकत नाही.

*देवराई.* राईला बहुतेक वेळा भक्तीपासूनच धोका असतो. जीर्णोद्धार, सभामंडप, गाडी जायला रस्ता, पेव्हर ब्लॉक, आणि "स्वच्छता अभियान" म्हणून पालापाचोळा झाडून जाळणं. पडलेलं झाड, वेली, पाचोळा हे राईचं शरीर आहे. देवस्थान समितीशी भांडू नका. बांधकाम राईच्या कडेला, आत काहीही नाही, एवढं मान्य करून घेतलंत तरी खूप झालं. गुरव आणि मानकरी यांना आधी भेटा, सरपंचांना नंतर.

क्षेत्र लहान आहे म्हणून मागे राहू नका. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथली रानटी जायफळाची दलदलीतली राई जेमतेम अडीच हेक्टरची आहे, आणि आंबोलीत देवळाच्या कुंडाजवळ सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या माशाचं क्षेत्र तर त्याहून लहान. दोन्हींना २०२१ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून दर्जा मिळाला. जैविक विविधता अधिनियमाच्या कलम ३७ खाली राज्य सरकार हा दर्जा देतं, समितीच्या आणि ग्रामसभेच्या ठरावापासून त्याची सुरुवात होऊ शकते. पण आधी गावात चर्चा पूर्ण होऊ द्या. "आता आपल्याला राईत जाता येणार नाही" अशी अफवा पसरली की वर्षभराचं काम पाण्यात जातं.

*शेतं.* बांधावरची झुडपं आणि घरचं बियाणं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घरातून सुरू केलेल्या बियाणे बँकेचं काम सगळ्यांना ठाऊक आहे. गावातला एखादा खास वाण असेल तर पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ खाली शेतकऱ्यांच्या नावाने त्याची नोंदणी करता येते. नोंदवहीतली नोंद तिथे कामाला येते.

*जंगल.* सामूहिक वनहक्क असेल तर तुमच्या ग्रामसभेची ताकद मोठी आहे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला तो हक्क २००९ मध्ये मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने हक्क मिळाल्यावर बांबूवर उत्पन्न उभं केलं आणि तेंदूपानं तोडणं थांबवलं, कारण तेंदूसाठी आगी लावल्या जातात आणि झाडं छाटली जातात. पैसा देणारी गोष्ट गावाने स्वतःहून सोडली, याचा विचार करा. हक्क नसेल तर वनजमिनीवर स्वतःच्या मनाने काही लावू किंवा तोडू नका. संयुक्त वन व्यवस्थापन समितीमार्फत जा. जाळरेषा (वणवा पसरू नये म्हणून साफ केलेले पट्टे) मात्र फेब्रुवारीच्या मध्याच्या आत झालेल्या हव्यात.

ठराव लिहिताना "जैवविविधतेचे संवर्धन करण्यात यावे" असलं वाक्य नको. गट क्रमांक, हद्द, काय बंद, किती दिवस, कोण बघणार, मोडलं तर काय, आणि आढावा कोणत्या ग्रामसभेत, या सात गोष्टी ठरावात असल्या पाहिजेत.

८. झाडं लावायचीच असतील तर

पाणलोटात, रस्त्याकडेला, उघड्या पडलेल्या वनकडेला लावा. नोंदवहीतल्या यादीतलीच झाडं निवडा, बी गावातूनच गोळा करा, रोपवाटिका बचत गटाकडे द्या. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ, निलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ ही परदेशी झाडं फुकट मिळाली तरी घेऊ नका. "फुकट आहेत, लावून टाकू" हे वाक्य बैठकीत आलं की सावध व्हा. घाणेरी किंवा रानमोडी ही माजणारी परदेशी झुडपं काढणार असाल तर फूल यायच्या आत, मुळासकट, आणि काढलेल्या जागेवर पुढची दोन-तीन वर्षं फिरत राहायची तयारी असेल तरच. नाहीतर ती दुपटीने येते.

९. पैसा

सुरुवातीला फारसा लागत नाही. निधीसाठी समितीच्या नावाने बँक खातं आणि सह्या कुणाच्या, हे ठरावातच ठरवा. जाळरेषा, रोपवाटिका, बांधबंदिस्ती यांतलं काही रोजगार हमीच्या आराखड्यात बसवता येतं, त्यासाठी वार्षिक आराखडा होण्याआधी मागणी द्या. "माझी वसुंधरा" अभियानात पंचायत उतरली असेल तर तुमचं काम तिथे मोजलं जातं. ग्रामसेवकांचा उत्साह त्याने वाढतो, हा अनुभव आहे. मोठ्या देणगीच्या मागे पहिल्याच वर्षी लागू नका. पैसा आधी आला की समितीत माणसं वेगळी येतात.

१०. विरोध होणारच

रानडुकरांनी भुईमूग उकरलेला शेतकरी सभेत उभा राहून विचारेल, "तुम्हाला जनावरं वाढवायची आहेत, आम्ही काय खायचं?" त्याला निसर्गप्रेमाचं भाषण देऊ नका. त्याच्या नुकसानीचा पंचनामा लवकर व्हावा, वन विभागाच्या भरपाईचा अर्ज वेळेत जावा, यासाठी समितीतला एक माणूस नेमून द्या. हे काम केलेल्या समितीचं ऐकलं जातं.

दुसरा धोका असा की समितीतले उत्साही तरुण स्वतःला पोलीस समजायला लागतात. आणि पहिली धाड नेहमी गरिबावरच पडते: सरपण नेणारी बाई, फिरस्ती कुटुंबं, बाहेरगावचा मेंढपाळ. रात्री ट्रॅक्टर लावून वाळू किंवा मुरूम नेणाऱ्याला मात्र कुणी अडवत नाही. ठरावातला दंड आधी मोठ्याकडून वसूल झाला तर बाकीचे न सांगता पाळतात. गुन्हा दाखल करण्यासारखी बाब असेल तर फोटो, तारीख, वेळ घेऊन वन किंवा महसूल विभागाकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. रात्री एकट्याने अडवायला जाऊ नका.

११. समिती बदलल्यावर

निवडणुका होतात, सरपंच बदलतात, ग्रामसेवकांची बदली होते, आणि नोंदवही कुठल्या कपाटात गेली ते कुणालाच आठवत नाही. म्हणून तीन प्रती करा: एक पंचायतीत, एक शाळेत, एक माहीतगार गटातल्या कुणाच्या घरी. फोटो आणि तक्ते पेन ड्राईव्हवरही ठेवा, पण भरवसा कागदावर ठेवा. वैदूंची झाकलेली माहिती यांपैकी कुठल्याही प्रतीत नको.

वर्षातून एकदा, शक्यतो २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत, नोंदवहीची चार-पाच पानं वाचून दाखवा. पावसाळ्यातल्या नोंदी ताज्या असतात, लोक लगेच दुरुस्त्या सांगतात. शाळेतली मुलं दरवर्षी एकाच रस्त्याने फेरी करून पक्षी मोजत असतील तर तो तक्ताही तिथेच लावा. फेब्रुवारीत जगभर पक्षिगणना असते, त्या दिवसांत मुलांची फेरी ठेवली की वेगळं नियोजन लागत नाही. नवी समिती निवडली गेली की पहिल्या महिन्यात जुन्या-नव्या सदस्यांची एकत्र शिवारफेरी ठेवा. ठरावांची फाईल तेव्हा हातोहात द्या आणि दिल्याची सही घ्या.